कांदा चाळीच्या पोटातलं तापमान: नोंद घेणारं यंत्र स्वतः कसं बनवाल?

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला की पुढचे पाच-सहा महिने आतली खबर देणारं एकच साधन शेतकऱ्याकडे असतं, ते म्हणजे त्याचं नाक. वास आला की चाळ फोडायची, सडका कांदा निवडून फेकायचा आणि उरलेला मिळेल त्या भावाने बाजार समितीत न्यायचा. वास येईपर्यंत ढिगाच्या पोटात काय चाललं होतं, कोणत्या आठवड्यात तिथे ऊब धरली, कोणत्या रात्री दमट हवा शिरून बसली, याची कुठेच नोंद नसते. त्यामुळे पुढच्या वर्षी चाळ भरताना पुन्हा अंदाजच चालतो, आणि दोष बियाण्याला किंवा पावसाला देऊन विषय संपतो.

कांद्याला साठवणीत काय मानवतं हे आता गुपित राहिलेलं नाही. साध्या हवेशीर चाळीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता अशी शिफारस आहे. हवा याहून कोरडी राहिली की कांदा वाळतो, वजन घटतं. दमटपणा वाढला आणि जोडीला ऊब असली की काजळी धरते, सड लागते, मुळं फुटतात. तापमान बराच काळ २५ च्या खाली राहिलं तर कोंब येण्याची भीती असते. हे आकडे कृषी सहायकापासून दुकानदारापर्यंत सगळे सांगतात. आपल्या चाळीत ते किती तास पाळले गेले, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी दर पंधरा मिनिटांनी, दिवसरात्र, सहा महिने न चुकता लिहीत राहणारं काहीतरी हवं. अशा यंत्राला डेटा लॉगर म्हणतात, आणि तो घरच्या टेबलावर बनवता येतो.

तयार लॉगर बाजारात मिळतात. त्यातले भरवशाचे महाग असतात. शिवाय बहुतेकांचं मर्म कंपनीच्या हाती असतं: नोंदी वाचायला त्यांचंच सॉफ्टवेअर, सेन्सर बिघडला तर त्यांचाच सुटा भाग, आणि ते मॉडेल बंद झालं की यंत्र कपाटात. ओपन-सोर्स हार्डवेअरची वाट वेगळी आहे. यात सर्किटचा आराखडा, भागांची यादी आणि प्रोग्राम सगळ्यांसाठी जाहीर केलेला असतो. तो कोणीही अभ्यासावा, बदलावा, बनवावा, विकावासुद्धा, अशी परवान्यातच मुभा असते. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावातल्या एका डिझाइन संस्थेत आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड तयार झाला, तो विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून. आराखडा खुला असल्यामुळे जगभर त्याच्या आवृत्त्या निघाल्या आणि आज तो जिल्ह्याच्या गावीही मिळतो.

हे प्रकरण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापुरतं आहे, असं कोणाला वाटत असेल तर केव्ह पर्ल प्रकल्पाचं काम जरूर पाहावं. एडवर्ड मॅलन आणि पॅट्रिशिया बेडोज यांनी मेक्सिकोच्या युकातान भागातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये ठेवण्यासाठी आर्डुइनोवर चालणारे लॉगर बनवले. डबी म्हणून त्यांनी नळकामाचे पीव्हीसीचे भाग वापरले आणि वीज म्हणून साधे पेन्सिल सेल. हे लॉगर वर्षभराहून जास्त काळ चालतात. २०१८ साली त्यांनी सगळी रचना शोधनिबंधात मांडली. आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवायची छोटी कार्यशाळा, आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या बाहेर निघालेल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी ती एक. गावातल्या गरजेचं यंत्र गावातच बनावं, हा विचार तिथे कितीतरी वर्षं प्रत्यक्षात उतरतो आहे.

भाग निवडताना

मेंदू म्हणून आर्डुइनो प्रो मिनी हा बोर्ड घ्या, आणि तोही ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा. दुकानात ५ व्होल्टचा हुबेहूब तसाच बोर्ड मिळतो, म्हणून मागताना स्पष्ट सांगा. यावर यूएसबीची खाच नसते. प्रोग्राम भरायला एफटीडीआय नावाची छोटी जोडपट्टी वेगळी घ्यावी लागते, तीही ३.३ व्होल्टवर ठेवता येणारी. बहुतेक जण सुरुवात आर्डुइनो ऊनोने करतात. शिकायला ऊनो उत्तम, पण चाळीत ठेवायला नाही. कारण पुढे विजेच्या हिशेबात दिसेल.

तापमानासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर, स्टीलच्या नळीत बसवलेला आणि लांब वायर असलेला. त्याची अचूकता उणे १० ते ८५ अंशांच्या टप्प्यात अर्ध्या अंशापर्यंत असते. प्रत्येकाला कारखान्यातूनच वेगळा ओळखक्रमांक मिळतो, त्यामुळे तीन-चार सेन्सर एकाच तारेवर जोडता येतात. त्या तारेला ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावला की काम झालं. याची नक्कल बाजारात खूप आहे. ती ओळखायची कशी, हे पुढे येतंच.

आर्द्रतेसाठी डीएचटी११ घेऊ नका. स्वस्त म्हणून तो सगळीकडे सुचवला जातो, पण त्याची आर्द्रता पाच टक्क्यांनी आणि तापमान दोन अंशांनी चुकू शकतं. आपल्याला ६५ आणि ७५ टक्क्यांमधला फरक बघायचा आहे. तिथे पाच टक्क्यांची चूक म्हणजे अर्धं उत्तर गेलं. एसएचटी३१ घ्या. त्याची आर्द्रतेची अचूकता साधारण दोन टक्क्यांची असते. असे दोन सेन्सर एका बोर्डावर चालतात, कारण त्यांना दोन वेगळे पत्ते देता येतात. एक ढिगात आणि एक बाहेरच्या हवेत, एवढे आपल्याला पुरतात. फक्त त्यांची वायर मीटरभराच्या आत ठेवा; त्याहून लांब वायरवर सेन्सरचा संदेश भरवशाने पोहोचत नाही.

वेळ सांगायला डीएस३२३१ हे घड्याळ. ते तापमानानुसार स्वतःला सावरतं आणि वर्षभरात फार तर मिनिटभर मागेपुढे होतं. मात्र त्याच्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर एक धोका आहे. त्यावर नाण्यासारखा सेल चार्ज करायचं सर्किट असतं. दुकानदार जो सीआर२०३२ सेल देतो तो चार्ज होणारा नसतो. मॉड्यूल ५ व्होल्टवर चालवलं तर त्या सेलमध्ये सतत वीज ढकलली जाते आणि तो फुगतो, फुटूही शकतो. चार्जिंगच्या वाटेवरचा छोटा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने काढून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. त्याच मॉड्यूलवरचा लाल दिवाही काढा, तो विनाकारण वीज खातो.

नोंद मायक्रोएसडी कार्डावर होईल. इथेही निवड महत्त्वाची आहे. ज्या कार्ड-मॉड्यूलवर व्होल्टेज बदलणारा वेगळा रेग्युलेटर असतो, ते ५ व्होल्टच्या बोर्डासाठी आहेत. आपल्याला नुसती खाच असलेली साधी जोडपट्टी हवी. कार्ड ८ किंवा १६ जीबीचं, नामांकित कंपनीचं आणि पक्क्या दुकानातलं. जागेची चिंता नको. दर पंधरा मिनिटांनी नोंद म्हणजे दिवसाला ९६, वर्षाला ३५,०४०. एका ओळीला चाळीस अक्षरं धरली तरी वर्षाची नोंद दीड एमबीच्या आत राहते.

हे सगळं, डबी आणि वायर धरून, साधारण दोन-अडीच हजार रुपयांत जमतं. बाजारभाव वरखाली होतो. घरात किंवा शेजारी आयटीआय झालेलं किंवा बारावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं कोणी असेल तर त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. सोल्डरिंग त्यांच्या हाताला बसलेलं असतं, आणि यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारं माणूस गावातच राहतं.

वीज आणि वेळ

आर्डुइनो ऊनो काही न करता नुसता चालू राहिला तरी ४५ ते ५० मिलिअँपिअर ओढतो. दिवसाला १२०० मिलिअँपिअर-तास झाले. पेन्सिल सेलचा संच दुसऱ्या दिवशी बसतो. प्रो मिनीवरचा पॉवरचा दिवा काढून त्याला दोन नोंदींच्या मध्ये गाढ झोपवला, तर चिप काही मायक्रोअँपिअरवर येते. घड्याळ आणि झोपलेलं कार्ड धरून सरासरी ०.२५ मिलिअँपिअर समजा. दिवसाला ६ मिलिअँपिअर-तास. तीन अल्कलाइन पेन्सिल सेल एकामागे एक जोडले तर अर्धी ताकद वाया गेली असं धरूनही पाच महिने निघतात, म्हणजे कांद्याचा जवळजवळ पूर्ण मुक्काम. झोपवण्यासाठी लो-पॉवर नावाची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, आहे. झोपेतून उठवायचं काम घड्याळाच्या अलार्मकडे द्या. त्याची तार बोर्डाच्या दोन नंबरच्या पिनला येते.

विजेचा हिशेब कागदावर धरू नका, मल्टिमीटरने मोजा. झोपेत असताना यंत्र एक मिलिअँपिअरहून जास्त ओढत असेल तर कुठलातरी दिवा किंवा रेग्युलेटर जागा आहे. कार्ड बदलून पाहा. काही कार्डं झोपतच नाहीत.

घड्याळ लावताना एक गोष्ट हमखास घडते. घड्याळात वेळ भरणारी ओळ प्रोग्राममध्ये तशीच राहते. ती ओळ प्रोग्राम संगणकावर तयार झाला त्या क्षणाची वेळ भरते. मग सेल बदलताना यंत्र बंद-चालू झालं की घड्याळ परत त्या जुन्या तारखेला जातं, आणि जुलैच्या नोंदी एप्रिलच्या तारखेने लिहिल्या जातात. वेळ एकदा भरा, ती ओळ काढा, प्रोग्राम पुन्हा भरा, आणि मुद्दाम सेल काढून-लावून तारीख टिकते का ते बघा.

इंटरनेटचं काय, असं पुष्कळ जण विचारतील. मोबाइलवर चाळीचं तापमान दिसावं ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि ईएसपी३२ सारखे वायफायचे बोर्ड स्वस्तही आहेत. तरी माझं मत असं की पहिलं वर्ष कार्डावरच काढा. नेटवर्क जोडलं की बिघाडाच्या जागा दुप्पट होतात, वीज कितीतरी पट जास्त लागते, आणि लक्ष मोजमापाकडून सिग्नलकडे जातं. पंधरा दिवसांनी कार्ड काढायला चाळीत गेलात की वायर कुरतडली आहे का, ढीग कुठे बसला आहे, हेही डोळ्यांनी दिसतं.

चाळीत लावण्याआधी बर्फ आणि मीठ

पुष्कळ जण यंत्र चालू झालं की लगेच नेऊन लावतात. पडद्यावर २८.४३ असा दोन दशांशांचा आकडा दिसला की तो खरा वाटतो. तो खरा आहे की नाही हे तपासल्याशिवाय सहा महिन्यांच्या नोंदीला काही किंमत नाही, आणि तपासायला प्रयोगशाळा लागत नाही.

तापमानासाठी थर्मास घ्या. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून त्यात भरा आणि बर्फाच्या फटी भरतील एवढंच थंड पाणी ओता. सगळे डीएस१८बी२० एकत्र बांधून मधोमध सोडा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. अधूनमधून हलवत दहा-पंधरा मिनिटं थांबा. तिथे तापमान शून्य असतं. एखादा सेन्सर ०.३ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक नोंदीतून ०.३ वजा करायचे, ते वहीत लिहून ठेवा. अर्ध्या अंशाहून जास्त चूक असेल तर सेन्सर नकली असण्याची दाट शक्यता. तो बाजूला ठेवा. उकळत्या पाण्याने १०० अंश तपासायला जाऊ नका. उंचीवर पाणी लवकर उकळतं. पुण्यात ते सुमारे ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरात त्याहूनही कमी तापमानाला.

आर्द्रतेसाठी स्वयंपाकघरातलं मीठ. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी टाकून ते ओल्या वाळूसारखं करा; वर पाणी तरंगता कामा नये. झाकण एका काचेच्या बरणीत ठेवा, सेन्सर त्यावर अधांतरी लटकवा, बरणी घट्ट बंद करा आणि तापमान फार बदलत नाही अशा खोलीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठाच्या वर बंद जागेत हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, आणि २० ते ३० अंशांच्या दरम्यान ती जवळजवळ बदलत नाही. सेन्सर सकाळी ७८ दाखवत असेल तर तीन टक्के वजा. कांद्याच्या हंगामात दर दोन महिन्यांनी ही चाचणी पुन्हा करा, कारण धूळ आणि फवारणीच्या वाफांमुळे आर्द्रतेचे सेन्सर हळूहळू सरकतात.

शेवटी सगळे सेन्सर एका बादलीत एकत्र ठेवून, वर गोणपाट टाकून, यंत्र दोन दिवस चालू द्या. सगळ्यांच्या रेषा एकमेकींना धरून चालल्या तर यंत्र तयार आहे.

ढिगात सेन्सर कुठे

चाळ भरताना सेन्सर आत जायला हवेत. भरून झाल्यावर खुपसायला गेलं तर कांद्याला इजा होते आणि सेन्सर नेमका कुठे पोहोचला हे कळत नाही. ढिगाच्या उंचीचा एक बांबू घ्या. चाळीच्या तळापासून फूटभरावर एक, ढिगाच्या मध्यावर एक आणि वरच्या थराखाली अर्ध्या फुटावर एक, असे तीन डीएस१८बी२० बांबूला बांधा. बांबू चाळीच्या रुंदीच्या मधोमध उभा करा आणि त्याभोवती कांदा भरा. कोणता ओळखक्रमांक कोणत्या उंचीवर आहे ते आधीच ठरवा: एकेक सेन्सर मुठीत धरून गरम करायचा आणि कोणता आकडा चढतो ते बघायचं. वायरीच्या दोन्ही टोकांना रंगाने खूण करा. ढीग भरल्यावर तीन सारख्या काळ्या वायरी हातात आल्या तर त्यांची ओळख पटवायला काही उपाय उरत नाही.

आर्द्रतेचा सेन्सर भोकं पाडलेल्या पीव्हीसीच्या तुकड्यात बसवून, तोंडाला बारीक जाळी लावून ढिगाच्या मध्यापर्यंत न्या. तो कांद्याला चिकटता कामा नये. सडक्या कांद्याचा रस लागला की तो गेलाच. ढिगाची रुंदी चार-पाच फूट असते, त्यामुळे कडेच्या खांबावर टांगलेल्या डबीपासून मीटरभर वायर मध्यापर्यंत पुरते. दुसरा सेन्सर चाळीच्या बाहेरच्या बाजूला, सावलीच्या दिशेला, पत्र्यापासून हातभर खाली. पत्रा दुपारी तापतो आणि त्याची धग सेन्सरवर येते. कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाच-सहा ताटल्या मधे बोटभर फट ठेवून उलट्या रचल्या की सेन्सरला छत्री मिळते आणि हवाही खेळते.

डबी झाकणाला रबर असलेली, पाणी न शिरणारी घ्या. वायरीची भोकं खालच्या बाजूला, केबल ग्लँड लावून. वायर डबीत शिरण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकून जाईल. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. उंदीर-घुशी वायर सोडत नाहीत, म्हणून ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या जुन्या नळीतून वायरी न्या. ही नळी प्रत्येक शेतात पडलेली असते. झाकणाच्या आत जोडणीचा फोटो छापून चिकटवा.

नोंद कशी लिहायची

फाइल साधी सीएसव्ही ठेवा, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, मग प्रत्येक ओळीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग चोवीस तासांची वेळ, पुढे आकडे. शेवटी बॅटरीचा व्होल्टेजही लिहा. यंत्र आजारी पडायच्या आधी तो सांगतो. कार्डावरून उतरवलेली मूळ फाइल कधीही बदलू नका. तिची प्रत काढून लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये काम करा.

दोन आकडे दिसले तर सावध व्हा. डीएस१८बी२० चालू होताना त्याच्या पोटात ८५ हा आकडा असतो. मोजमाप पूर्ण व्हायला पाऊण सेकंद लागतो. प्रोग्रामने घाई केली तर ८५.०० तसाच फाइलमध्ये येतो. आणि नेहमीच्या लायब्ररीत उणे १२७ याचा अर्थ सेन्सरची तार तुटली. चाळीत ना ८५ अंश झाले ना उणे १२७. सरासरी काढताना या ओळी वगळा, पण मूळ फाइलमधून पुसू नका. तार कोणत्या दिवशी तुटली हे त्याच ओळी सांगतात.

यंत्राच्या फाइलइतकीच एक वही महत्त्वाची आहे, आणि हे मी जोर देऊन सांगतो. कांदा कोणत्या जातीचा, एन-२-४-१ की भीमा शक्ती, की गावठी बियाण्याचा. काढल्यावर किती दिवस सुकवला, पात कापताना मान किती ठेवली, चाळ कोणत्या तारखेला भरली, किती क्विंटल. ताडपत्री कधी सोडली, कधी गुंडाळली. पंखा लावला तर किती तास. आणि चाळ फोडली तेव्हा वजन किती भरलं, सड किती, कोंब किती, कोणत्या भागातली सड जास्त. शेवटची ओळ नसेल तर सहा महिन्यांच्या तापमानातून काहीही शिकता येणार नाही. शक्य असेल तर चाळीच्या तीन ठिकाणी जाळीच्या पिशवीत दहा-दहा किलो कांदा मोजून ठेवा आणि महिन्याने वजन करा. लॉगर कारण दाखवेल, परिणाम ही पिशवी दाखवेल.

आकड्यांवरून काय ठरवायचं

पावसाळ्यात सगळ्यात मोठा प्रश्न असतो पंखा कधी लावायचा, ताडपत्री कधी उघडायची. बाहेरची आर्द्रता ९५ टक्के आणि आतली ७५, मग बाहेरची हवा आत घेऊ नये, असं पटकन वाटतं. इथेच सापेक्ष आर्द्रता फसवते, कारण ती तापमानावर अवलंबून असते. गरम हवा जास्त बाष्प धरते. म्हणून तुलना दवबिंदूची करायची, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होतं त्या तापमानाची; हवेत बाष्प कमी तितका दवबिंदू खाली.

दवबिंदूचा अंदाज तोंडी काढता येतो. १०० मधून आर्द्रता वजा करा, उत्तराला पाचाने भागा आणि ते तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर हा अंदाज साधारण अंशभराच्या आत बसतो. आता पाहा. रात्री बाहेर २४ अंश आणि ९५ टक्के: दवबिंदू २३. ढिगात ३१ अंश आणि ७५ टक्के: दवबिंदू २६. म्हणजे बाहेरच्या हवेत बाष्प कमी आहे. ती आत जाऊन ३१ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ६३ टक्क्यांच्या आसपास येते. ही हवा ढिगातला दमटपणा उचलून नेईल. पंखा लावा.

उलट चित्र जूनच्या एखाद्या दुपारचं. पाऊस पडून ढीग २७ अंशांवर आला आहे, आणि बाहेर ऊन पडून ३४ अंश, ६० टक्के. साठ टक्के म्हणजे कोरडी हवा, असं समजून ताडपत्री उघडली तर तीच हवा ढिगात थंड होऊन तिची आर्द्रता नव्वदीला जाते. दवबिंदू बाहेर २६ च्या जवळ, ढिगाचं तापमान २७. कांद्याच्या सालीवर ओल धरायला अंशभराचंच अंतर उरलं.

सेन्सरच्या चुका धरून, बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा किमान दोन अंशांनी खाली असेल तरच पंखा लावा. आणि रात्रभर डोळे मिटून चालवू नका. ढीग थंड होत गेला की आतबाहेरचा फरक संपतो आणि त्यानंतर तुम्ही नुसती दमट हवा फिरवत राहता. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी आलेखावर मांडल्या की आपल्या चाळीत ही वेळ साधारण किती वाजता येते ते दिसेल. आपल्या चाळीत म्हणतो, कारण दुपाखी आणि एकपाखी, पत्र्याची आणि कौलाची, ओढ्याकाठची आणि माळावरची चाळ सारखी वागत नाही.

तीन उंचींवरच्या रेषाही बघा. मधली रेषा इतर दोघींपासून हळूहळू वर सुटू लागली आणि रात्रीही खाली येईना, तर तिथे कांद्याचं श्वसन वाढलं आहे किंवा सड सुरू झाली आहे. त्या भागातून नमुना काढून पाहा. वास येण्याची वाट पाहू नका.

या नोंदींची मर्यादाही ध्यानात ठेवा. सरकारी कामात किंवा फळपीक विम्यासारख्या योजनेत घरच्या यंत्राचा आकडा चालत नाही. तिथे महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राचाच आकडा धरतात. चाळीचा सल्ला हवा असेल तेव्हा मात्र राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयात ही फाइल आणि वही सोबत न्या. नुसतं "कांदा सडतो" म्हणून विचारण्यापेक्षा आलेख समोर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं.

एका गावात दहा जणांनी एकाच पद्धतीचे लॉगर लावले तर आणखी पुढे जाता येईल. रकाने एकच, वेळेचं अंतर एकच, बर्फ-मिठाची चाचणी एकत्र. मग कोणाच्या चाळीची रचना पावसाळ्यात जास्त कोरडी राहते हे वादाशिवाय कळेल. आराखडा ज्यांनी खुला केला त्यांच्यामुळे हे यंत्र आपल्यापर्यंत आलं. तुम्ही त्यात केलेला बदल, ठिबकच्या नळीचा असो की बांबूचा, मराठीत लिहून, फोटोसह, त्याच खुल्या परवान्याखाली इतरांना द्या.

भाग जानेवारीतच मागवा, फेब्रुवारीत जोडणी करा, मार्चमध्ये बर्फ आणि मिठाच्या चाचण्या उरका. चाळ भरायच्या आधी रिकाम्या चाळीत यंत्र पंधरा दिवस चालवून पाहा आणि ती फाइल ओळ न् ओळ वाचा. त्यात एकही खाडा नसेल, तरच बांबू उभा करून कांदा भरायला घ्या.